मदत हवी आहे: छोट्या बेसबॉल संघाने म्हाताऱ्या हिरोवर किती पैसे लावावेत?

मंडळी, मुलीच्या शाळेत वादविवाद आहे, पण विषय माझ्याच जिवाला लागलाय. अमेरिकेतल्या मिनेसोटा ट्विन्स संघाने २०१० मध्ये आपला घरचाच पोरगा, कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) जो मावर याच्याशी ८ वर्षांचा १८.४ कोटी डॉलरचा करार केला. २०१३ मध्ये डोक्याला मार बसला, कॅचिंग सुटलं, पुढे पहिल्या बेसवर, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या सोप्या जागी, खेळला. पगार मात्र तोच! उलट पिट्सबर्ग पायरेट्सने २०१८ मध्ये आपल्या लाडक्या अँड्र्यू मॅककचनला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात तरुण ब्रायन रेनॉल्ड्स मिळवला आणि २०२३ मध्ये मॅककचनला एका वर्षासाठी ५० लाख डॉलरांत परत आणलं. मला हाच मार्ग पटतो. पण लाडका खेळाडू गेल्यावर प्रेक्षक तुटतात, त्याचा हिशोब कसा मांडायचा? जाणकारांनी कृपया सांगा.