गॉर्की चित्रत्रयी: एकच भाग बघायचा तर कोणता?

पानवेडा: रशियन लेखक मॅक्झिम गॉर्कीच्या तीन भागांतल्या आत्मचरित्रावर दिग्दर्शक मार्क डॉन्स्कॉयने तीन चित्रपट काढले: १९३८, १९३९ आणि १९४०. तिन्ही पुस्तकं वाचली आहेत, पण वेळ एकाच चित्रपटापुरता आहे. पहिला, बालपणाचा बघू की थेट तिसरा, कझान शहरातला? मूळ पुस्तकाला कितपत धरून आहेत?

काळापांढरा: पहिलाच. मासालितिनोवा या नटीने केलेली आजी एवढ्या एका कारणासाठीही तो बघावा. कथानक असं फारसं नाही, काशिरिनांच्या, म्हणजे आजोळच्या घरातले प्रसंग एकामागून एक येतात आणि तेच पुस्तकाच्या वळणाचं आहे. तिसऱ्या भागात नट बदलतो. पहिल्या दोन्हींत अल्योशा, म्हणजे लहानपणीचा गॉर्की, झालेला ल्यार्स्की तिथे नाही. शिवाय बेकरीचं तळघर सोडलं तर चर्चाच फार.

तळटीप: सहमत, पण पुस्तकाला धरून म्हणाल तर एक मोठा फरक आहे. किड्यांची पेटी सांभाळणारा पांगळा ल्योन्का ‘बालपण’ या पहिल्या पुस्तकात नाहीच. तो गॉर्कीच्या एका वेगळ्या कथेतून उचललाय. पुस्तक संपतं ते आई गेल्यावर आजोबा ११ वर्षांच्या पोराला घराबाहेर काढतात तिथे. पडद्यावर तेवढंच ठेवलं असतं तर फार कोरडं झालं असतं, म्हणून ही भर असावी. मला ती खटकत नाही.

आणि हे घर सुरुवातीला गरीब नाही हे लक्षात ठेवा. आजोबांचा रंगाऱ्याचा कारखाना आहे, मामा वाटणीसाठी हातघाईवर येतात, मग उतरती कळा. पुस्तकात शेवटी आजी-आजोबांची चूलही वाटली जाते: एक दिवस तिच्या पैशाचं जेवण, एक दिवस त्यांच्या, चहाची पत्ती तळहातावर मोजून. पोरगा चिंध्या-हाडं वेचून विकतो: पूडभर, म्हणजे सुमारे १६ किलो, चिंध्यांचे २० कोपेक (रशियन पैसे), हाडांचे ८-१०. आजोबा मारकुटे खरे, पण नातवाला अक्षरं गिरवायला लावणारेही तेच. नुसता खलनायक समजून बघितलंत तर अर्धा चित्रपट हातचा जाईल.

काळापांढरा: बघण्याआधी टीव्हीचं चित्र ४:३ वर ठेवा, नाहीतर रुंद पडद्यावर सगळे बुटके नि जाडे दिसतात. अल्योशा, अलेक्सेई, लेक्सेई, पेश्कोव हा एकच मुलगा. मॅक्झिम हे त्याच्या वडिलांचं नाव, ते कॉलऱ्याने आधीच गेलेत; ‘मॅक्झिम गॉर्की’ हे टोपणनाव तो १८९२मध्ये घेतो.