'सैराट'चा शेवट: शांतता की पळवाट?

मीनल_डोंबिवली
काल इथे एकाने लिहिलं, "सैराटच्या शेवटाला संगीत सुचलं नाही म्हणून आवाजच बंद केला. पळवाट आहे ही." रात्रभर डोक्यात तेच. अहो, ज्या अजय-अतुलनी या सिनेमासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवून गाणी केली, त्यांना शेवटाला चार व्हायोलिनं मिळाली नसती? आर्ची-परशा मरून पडलेत, पोर रडतंय आणि आवाज नाही. रक्ताची पावलं उमटत जातात. ते रडणं आपल्यालाच आपल्या आत ऐकावं लागतं. तिथे संगीत आलं असतं तर किती रडायचं, कधी थांबायचं, हेही त्यानेच ठरवलं असतं.

तारशहनाई
ते वाक्य माझं, आणि मागे घेत नाही. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' (1955) आठवा. हरिहर घरी परततो, मुलगी दुर्गा गेल्याचं त्याला माहीत नाही. तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतो, बायको सर्बोजया कोसळते. तिचा हंबरडा काढून राय यांनी तारशहनाई हे तंतुवाद्य ठेवलं. याला म्हणतात भूमिका घेणं. आवाज बंद करणं कुणालाही जमतं.

मीनल_डोंबिवली
म्हणजे रडणं राय यांनीही काढलंच ना? माझाच मुद्दा मांडताय तुम्ही.

जुना_ऑपरेटर
2016 ला मी तालुक्याच्या थेटरात प्रोजेक्टरच्या केबिनला होतो. पहिल्या दिवशी शेवटाला आवाज गेला तशा शिट्ट्या, "ए, आवाऽज!" मी ॲम्प्लिफायरकडे धावलो, तर सगळे दिवे हिरवे. आठवड्याभरात ओरडणं थांबलं. मग उलटंच व्हायला लागलं. दारं उघडली, दिवे लावले, तरी लोक खुर्चीतून उठेनात. मला एकच खंत आहे. सिनेमाचं मिक्सिंग थेटरातला फेडर, म्हणजे आवाजाचं बटण, 7 वर असेल असं धरून होतं, आणि मालक साडेचारच्या वर जाऊ देत नसत.

सराउंड_कुठंय
फेडरचं बोललात ते बरं झालं! आमच्याकडच्या मल्टिप्लेक्सात मागचे स्पीकर मुके, आणि शेजारच्या पडद्यावरचे ढोल भिंतीतून येतात. तक्रार केली की "बाकी कुणी बोललं नाही". तिकिटाचे पूर्ण पैसे घेता, मग पूर्ण आवाज द्या.

जुना_ऑपरेटर
7 वर लावलं की जाहिराती कान फाडतात. बाया-माणसं लहान पोरं घेऊन बाहेर येतात, शिव्या आम्ही खातो.

सराउंड_कुठंय
मग जाहिराती संपल्या की वाढवा! एक बटण फिरवायचंय.

जुना_ऑपरेटर
चार पडद्यांना एक माणूस असतो, साहेब. केबिनमध्ये एक दिवस उभे राहा, मग बटणाचं बोला.

तारशहनाई
विषय शेवटाचा होता. स्पीकर दुरुस्तीचा वेगळा काढा.

मीनल_डोंबिवली
नाही, विषय हाच आहे. त्याआधी घरात रांगोळी, चहा, पाहुण्यांशी बोलणं, सगळं रोजच्यासारखं चालू असतं. ते बारीक आवाज कानात बसले असतील तरच ते गेल्याचं कळतं. तुम्ही कुठे पाहिलात?

तारशहनाई
मोबाइलवर. एसटीत.

मीनल_डोंबिवली
मग एसटीच्या खडखडाटात शांतता कुठून ऐकू येणार?
आणि सांगूनच टाकते. माझे बाबा गेले तेव्हा गॅसवर कुकर होता. शेजारच्या काकूंनी येऊन बंद केला. त्या म्हणतात, पाच-सहा शिट्ट्या तरी झाल्या होत्या. मी ओट्यापासून दोन पावलांवर उभी होते. मला एकही शिट्टी आठवत नाही. काकूंचे हलणारे ओठ तेवढे आठवतात. थेटरात तो शेवट पाहिला आणि पहिल्यांदा वाटलं, हे कुणाला तरी माहीत आहे.

तारशहनाई
कुकरचं वाचून थांबलो. एसटीचंही मान्य, तिथे पाहायला नको होतं. तरी नागराज मंजुळेंचाच आधीचा 'फँड्री' मला वरचढ वाटतो. डुक्कर हातातोंडाशी आलेलं, शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि ते पकडणारं सगळं घर जागच्या जागी ताठ उभं. तिथे आवाज स्वतः काम करतो. हेडफोन लावून 'सैराट' पुन्हा बघतो. मत बदलेलच असं नाही.

जुना_ऑपरेटर
हेडफोनवर सुरुवातीपासून बघा. शेवटची पाच मिनिटं तेवढी लावू नका.