मदत हवी आहे: 50 मीटर प्रोनसाठी (झोपून मारायची मॅच) पहिली रायफल, बजेट कमी, बोअर (नळीचं माप) कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी, इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टला, आणि सुट्टीच्या दिवशी वरळीच्या रेंजवर क्लबच्या रायफलने 10 मीटर एअर रायफल मारते. आता 50 मीटरला जायचंय आणि पुढेमागे 100, 300 असा लांबचा नेम मारायची खूप इच्छा आहे. 2024 ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची मॅच) ब्राँझ आणलं तेव्हापासून तर डोक्यात दुसरं काही नाहीये.

बजेट सगळं मिळून साडेतीन लाख. यात रायफल, जॅकेट, स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा), मॅट, ग्लव्ह आणि पहिल्या वर्षाच्या गोळ्या असं सगळं आलं, याच्या वर खरंच जमणार नाही, घराचे हप्ते चालू आहेत.

पहिला गोंधळ बोअरचा. ओळखीतले एक काका म्हणतात .22 म्हणजे पोरांचा खेळ, लायसन्सची एवढी खटपट करणारच आहेस तर .315 नाहीतर .30-06 घे, सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची मिळते. व्हिडिओत बघावं तर बाहेरचे लोक 6.5 क्रीडमूर या लांब नेमाच्या बोअरने हजार-हजार मीटरच्या गोष्टी करतात. मला मात्र वाटतं की माझ्यासाठी .22 एलआरच (लाँग रायफल) बरोबर आहे, कारण 50 मीटरची मॅचच त्या बोअरची, एकेका गोळीचा खर्च मोठ्या बोअरपेक्षा कितीतरी कमी, आणि झटका जवळजवळ नसल्यामुळे चूक झाली तर ती माझी की रायफलची ते लगेच कळतं. .303 आणि 7.62 सैन्याचे बोअर म्हणून आपल्याला बंद आहेत ते माहितीये. पण .22 घेतली आणि नंतर 100 ला जावंसं वाटलं तर ती तिथे काही कामाची राहील का?

दुसरा गोंधळ रायफलचा. ठाण्यातले एक जुने नेमबाज त्यांची आन्शुट्झ (जर्मन मॅच रायफल) विकायला काढतायत, 54 ॲक्शनची (गोळी भरून झाडायच्या यंत्रणेचं मॉडेल), लाकडी स्टॉक, डायॉप्टर साइटसकट (बारीक भोकातून बघायची साइट). हातात घेतली तेव्हा बोल्ट इतका मऊ सरकला की काय सांगू, ट्रिगरपण एकदम स्वच्छ तुटतो. पण पुढच्या साइटच्या रिंगखाली बॅरलवर मोहरीएवढे गंजाचे ठिपके दिसले आणि मन खट्टू झालं. दुसरा पर्याय म्हणजे नवी सीझेड 457 (चेक कंपनीची .22 रायफल), डीलर म्हणतो मागवून देतो. नवी म्हणून मनाला बरं वाटतं पण ती मुळात शिकारीच्या धाटणीची, तिच्यावर प्रोन नीट जमेल का?

आणि तिसरं, आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनापण बुरशी येते, तिथे रायफल कशी सांभाळता तुम्ही लोक? प्लीज कुणीतरी अनुभवी दादा-ताईंनी नीट सांगा.

प्रतिसाद 1

ताई, बोअरचं तुमचं बरोबर आहे, काकांचं मनावर घेऊ नका. .315 आणि .30-06 चांगल्याच आहेत पण कागदावर भोकं पाडून शिकायला त्या परवडत नाहीत, आणि नेमबाजी सगळी गोळ्यांच्या संख्येवर शिकली जाते. क्रीडमूर 2007 ला बाजारात आलं, त्या लोकांकडे लांब रेंज आहेत, गोळ्या घरी भरायची सोय आहे, तो हिशोब इथे लावून उपयोग नाही.

100 मीटरचं म्हणाल तर .22 तिथे उत्तम शिकवते. मॅचची गोळी 40 ग्रेन म्हणजे 2.6 ग्रॅम, वेग सेकंदाला साधारण 325 मीटर, मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेला, कारण जास्त वेगाची गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना डगमगते आणि ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) फाटतो. म्हणून डब्यावर हाय व्हेलॉसिटी लिहिलेलं बघून भुलायचं नाही. 50 ला झिरो केलेली, म्हणजे नेम नीट बसवलेली, रायफल 100 ला साधारण वीतभर खाली मारते आणि जरा वारं सुटलं की बाजूला जाते. तो वारा वाचायला शिकलात की पुढे मोठा बोअर हातात आला तरी अर्धं काम झालेलं असतं.

रायफल मी असतो तर ती जुनीच घेतली असती, तपासून. बाहेरचे ठिपके बारीक तेल लावून फडक्याने पुसून बघा, वरवरचे असतील तर त्याने काही बिघडत नाही. बघायचं ते तोंड, म्हणजे बॅरलचा क्राऊन. भिंग घेऊन बघा, कडेला एक जरी टोचा असेल तर गोळी बाहेर पडताना ढकलली जाते. मग चेंबरच्या (गोळी बसते ती जागा) लगेच पुढे खालच्या बाजूला, घड्याळात सहा असतात तिथे, खूप मारलेल्या रायफलला झीज दिसते, त्यासाठी बोअरस्कोप (नळीच्या आत बघायची दुर्बीण) असलेला माणूस सोबत न्या. लाकूड आपल्या हवेत फुगतं, म्हणून बॅरल आणि स्टॉकच्या मधून कागद शेवटपर्यंत सरकतो का ते बघा आणि बेडिंगचे, म्हणजे रायफल स्टॉकमध्ये बसवणारे, स्क्रू ढिले नाहीत ना तेपण बघा.

साध्या सीझेडला गालाची उंची हलत नाही, खाली हँडस्टॉपची (पुढचा हात अडवायचा ठोकळा) रेल नाही, हे सगळं नंतर लावत बसलात तर पैसे तिकडेच जातील.

प्रतिसाद 2

वरच्या दादांनी सांगितलंच आहे, मी फक्त गोळ्यांचं सांगते कारण त्याच्याकडे सगळे शेवटी बघतात. एकाच कंपनीची एकाच नावाची गोळी, पण लॉट (कारखान्यातली एक खेप) बदलला की तीच रायफल वेगळी मारते. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस, जे मिळेल त्याचे तीन-चार लॉट थोडे थोडे घ्या, टेकू देऊन दहा-दहाचे ग्रुप मारा, सगळ्यात घट्ट येईल तो लॉट जमेल तितका साठवा. 50 मीटरचं दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आहे, रायफलच सैल ग्रुप देत असेल तर तुम्ही कितीही छान झोपून मारा, नऊ येणारच. म्हणून बजेटमधला मोठा वाटा गोळ्यांना ठेवा, जॅकेट सेकंड हँड चालतं, फक्त अंगाला घट्ट बसलं पाहिजे.

पावसाळ्यात फोमच्या केसमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवू नका, फोम ओल धरतो. रेंजवरून आलं की हाताचा घाम लागलेली सगळी जागा पुसायची, तेलाचा हलका हात फिरवायचा, कुलपाच्या कपाटात सिलिका जेल ठेवायचं आणि ते रंग बदललं की तापवून परत वापरायचं.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, दादा, क्राऊनचं तर डोक्यातच आलं नव्हतं. मग आन्शुट्झच बघते. एकच राहिलं, त्या गृहस्थांना आत्ता टोकन देऊन ठेवलं तर चालेल का, माझा अर्ज अजून व्हायचाय.

प्रतिसाद 1

टोकनची घाई नको. आधी लायसन्स, तेपण स्पोर्ट्समध्ये, अर्जासोबत क्लबचं पत्र आणि सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट जोडा. लायसन्स हातात येईपर्यंत रायफल त्यांच्याच नावावर आणि त्यांच्याच घरी राहू दे, नंतर त्यांच्या आणि तुमच्या दोन्ही लायसन्सवर रीतसर नोंद करून व्यवहार करा, बॅरलवरचा नंबर कागदाशी स्वतः जुळवून बघा. तोवर त्यांना रेंजवर यायला तयार करा आणि त्यांच्यासमोर ती रायफल मारून बघा, ग्रुप बघूनच किंमत ठरवा.