हॉलमध्ये फोडणीचा खाट येतोय. ५ एचपीचा ब्लोअर लावू का?

भट्टी_सोलापूर

नमस्कार मंडळी. जागा सोलापूरची, तळमजला. ६० खुर्च्यांचा एसी फॅमिली हॉल, साधारण ९०० चौरस फूट. मागे १८ बाय १४ चं किचन. भिंतीला लागून तीन भट्ट्या, ओळीची लांबी १० फूट, रुंदी ३ फूट. वर ९ बाय ३ चा हूड (धूर गोळा करणारं छत्र), त्याची खालची कड जमिनीपासून ८ फुटांवर. डक्ट, म्हणजे धुराची पत्र्याची नळी, १४ बाय १४ इंच, गच्चीवर २ एचपीचा सेंट्रिफ्युगल ब्लोअर. ॲनिमोमीटरने (हवेचा वेग मोजायचं यंत्र) मोजला तर २,४०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा, येतात. कोपऱ्यातल्या कोळशाच्या तंदूरचा धूरही त्याच डक्टमध्ये सोडलाय. हूडशेजारी भिंतीत १८ इंची एक्झॉस्ट फॅन आहे. वास जावा म्हणून हॉलमध्येही १२ इंची दोन बसवलेत.

त्रास असा: मिरचीची फोडणी पडली की हॉलमध्ये ठसके सुरू होतात. हॉलचं मुख्य दार बाहेर उघडतं, ते ओढायला जड जातं. स्प्लिट एसीच्या ड्रेनमधून डबडब आवाज येतो. उकाड्यामुळे किचनचं मागचं दार उघडंच ठेवावं लागतं. ठेकेदार म्हणतो, ब्लोअर ५ एचपीचा करा, सगळं थांबेल. करावा का?

हवामाप

नका करू. निदान आत्ता नाही.

तुमचा खाट ब्लोअर कमी पडल्यामुळे हॉलमध्ये येत नाही, हॉल त्याला ओढून घेतोय. हॉल बंद, त्यात दोन फॅन हवा बाहेर फेकतायत, म्हणजे हॉलमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. किचनला मागच्या दारातून हवा मिळते, त्यामुळे तिथला दाब हॉलइतका पडत नाही. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाणार. वाटेत किचन आणि हॉलमधली ऑर्डरची खिडकी आहेच. दार जड लागणं आणि ड्रेनमधली डबडब ही त्याच दुखण्याची लक्षणं. बाहेरची हवा ड्रेनच्या नळीतून वर चढते आणि उतरणाऱ्या पाण्याला अडवते.

पैसे न घालता आधी हे करून बघा. हॉलचे दोन्ही फॅन बंद, मागचं दार वीतभर फट ठेवून लावलेलं, ब्लोअर चालू. ऑर्डरच्या खिडकीत उदबत्ती धरा. धूर किचनकडे वळला पाहिजे. मग हॉलचे फॅन लावा आणि धूर कुठे वळतो ते पाहा.

भिंतीतला १८ इंची फॅनही बंद करा. हूडच्या तोंडाशी असलेला फॅन वर चढणारा धूर बाजूला खेचतो, हूडमध्ये शिरूच देत नाही. उघड्या मागच्या दाराची झुळूकही तेच करते.

आता ५ एचपीचा हिशेब. त्याच डक्टमध्ये हवा दुप्पट करायची तर दाब चौपट आणि ताकद आठपट लागते. मोटर अडीचपट केली तर हवा वाढेल फार तर ३५ टक्के, म्हणजे ३,२५० सीएफएमच्या आसपास. विजेचं बिल आणि घरघर मात्र पुरेपूर वाढेल.

बेल्टपुली

हवामापरावांशी सहमत. त्याआधी एक फुकटची तपासणी: ब्लोअर उलटा तर फिरत नाही ना? थ्री-फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरूनही हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त खूप कमी. आवाज येतो, हवा लागते, म्हणून कुणाला शंका येत नाही. केसिंगवरचा बाण आणि पुलीची दिशा जुळवा. मीटरचं किंवा वायरिंगचं काम झाल्यावर ही चूक हमखास सापडते. मग बेल्टचा ताण आणि फिल्टरमधली चरबी बघा.

तंदूर ताबडतोब वेगळा करा, यात तडजोड नको. कोळशाची ठिणगी आणि भट्टीच्या डक्टमधलं साचलेलं तेल एकाच नळीत म्हणजे डक्टला आग लागायची वाट बघणं. तंदूरला स्वतःचा हूड, स्वतःचा डक्ट, तोंडाशी ठिणगी अडवणारी जाळी. हा डक्ट महिन्याला साफ करा, भट्टीचा तीन महिन्यांनी. दोन्ही डक्टना प्रत्येक वळणावर साफसफाईची झडप हवी.

भट्टी_सोलापूर

बाण पाहिला, दिशा बरोबर आहे. हॉलचे फॅन बंद केल्यावर उदबत्तीचा धूर किचनकडे वळला, लावले की हॉलकडे. पण मागचं दार लावलं की दहा मिनिटांत आचारी ओरडतात. नीट करायचं तर काय मापं धरू?

हवामाप

उत्तर तुमच्याच उदबत्तीने दिलं. आता मापं.

हूड बाजूंना सहा-सहा इंच आणि पुढे फूटभर बाहेर हवा, म्हणजे ११ बाय ४, ४४ चौरस फूट. खालची कड साडेसहा फुटांवर आणा. ८ फुटांवर धूर पोचेपर्यंत पसरतो. मिनिटाला १०० फूट वेग धरला तर ४,४०० सीएफएम. फोडणीचं काम जड आहे, ५,००० धरा. डक्टमध्ये १,८०० फूट वेग ठेवायचा तर २० बाय २० इंच. दाब ५० मिलिमीटर पाणी धरला तरी ३ एचपीत भागतं! मागे झुकलेल्या पात्यांचा ब्लोअर घ्या, मोटर हवेच्या वाटेबाहेर. डक्ट १६ गेजच्या जाड पत्र्याचा, वेल्डिंग केलेला. पत्र्याच्या घडीच्या जोडातून तेल ठिबकतं. फिल्टर स्टेनलेसचे बॅफल (तिरक्या पट्ट्यांचे). (ॲल्युमिनियमचे असतील तर कॉस्टिक सोड्यात बुडवू नका, धातूच खाल्ला जातो.)

तंदूरचा हूड साडेतीन बाय साडेतीन, १,२०० सीएफएम. एकूण ६,२०० बाहेर.

आणि जे ठेकेदाराने सांगितलंच नाही ते: ६,२०० बाहेर जाणार तर ६,२०० आत यायला हवेत. त्यातले ५,२०० सरळ किचनमध्ये सोडा, कूलरसारख्या ओल्या पॅडवरून गार करून. सोलापूरला ही चैन परवडते. बाहेर ४१ अंश आणि ओल्या बल्बचं तापमान (थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून मोजलेलं) २३ असेल तर चांगलं पॅड हवा २६ अंशांवर आणतं. पॅडचा चेहरा १३ चौरस फूट, वेग ४०० फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर थेंब उडतात. तासाला ६० लिटरच्या आसपास पाणी उडेल. पाणी जड असेल तर १५-२० लिटर मुद्दाम सोडून द्या, नाहीतर पॅडवर क्षार दगडासारखे बसतात. गार हवेची तोंडं आचाऱ्यांच्या पाठीकडून, हळू वेगाने. हूडच्या कडेवर झोत मारलात तर पुन्हा तोच धूर बाहेर.

उरलेले १,००० सीएफएम हॉलमधून ऑर्डरच्या खिडकीवाटे किचनमध्ये येऊ द्या. तेवढी ताजी हवा हॉलला हवीच आहे. ६० माणसांचा आणि ९०० चौरस फुटांचा किमान हिशेब ६०० च्या वर जातो. मात्र ती बाहेरून हॉलमध्ये फिल्टर लावून, फॅनने आत घ्या, दाराच्या फटीतून नको. एसीवर भार वाढेल दोन-अडीच टन. हॉलचे एक्झॉस्ट काढून भोकं बुजवा, टॉयलेटचे तेवढे राहू द्या.

कोकणी_खानावळ

मालवणला हेच पॅड चालेल का?

हवामाप

नाही. तिथे मे महिन्यात ३४ ला ओला बल्ब २८ च्या आसपास. पॅडने पाच अंश उतरतील आणि हवा दमट होईल, आचारी अजून घामेजतील. गॅसच्या ज्योतीतूनच किलोमागे दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ निघते, त्यात ही भर कशाला? किचनमध्ये साधी गाळलेली हवा, वेग जरा जास्त, बस्स. हॉलच्या ताज्या हवेचा भार मात्र वेगळा धरा: सोलापूरला १,००० सीएफएममागे दोन-अडीच टन, किनाऱ्यावर पाचाच्या वर.

बेल्टपुली

सोलापूरकर, एक राहिलं. भट्ट्यांच्या गॅसलाइनला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा) घाला, ब्लोअर आणि ताज्या हवेचा फॅन दोन्ही चालू असतील तरच गॅस सुटेल असा. हवेचा प्रेशर स्विच (डक्टमधल्या हवेच्या दाबावर चालणारा) वापरा. नुसत्या कॉन्टॅक्टरवर (मोटरला वीज देणाऱ्या स्विचवर) घेतलात तर बेल्ट तुटला तरी गॅस चालू राहतो.