फ्रेंच भूतकाळात अडकले आहे: पासे काँपोझे की अँपारफॅ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माँट्रियलला येऊन तीन वर्षं झाली. मी मूळची नाशिकची, शाळा पहिलीपासून इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे फ्रेंचही इंग्रजी पुस्तकांवरूनच शिकतेय. वर्तमानकाळ बऱ्यापैकी बसला आहे. 'मांज' (खाणे) एकदा कानात बसलं की मी, तू, तो, ते सगळ्यांना उच्चार तोच, फक्त लिहिताना शेपट्या वेगळ्या. भूतकाळात मात्र रोज ठेच लागते: घडून संपलेल्या गोष्टीला पासे काँपोझे, चालू असलेल्या किंवा नेहमीच्या गोष्टीला अँपारफॅ. पुढच्या महिन्यात डेल्फ बी१ ही फ्रेंचची परीक्षा आहे. १०० पैकी ५० मिळवेन, पण चारही भागांत २५ पैकी किमान ५ हवेतच आणि तोंडी परीक्षेत मी गप्प बसते.

परवाची गोष्ट. रात्री लेकीला एकदा उलटी झाली, सकाळी ती अगदी टुणटुणीत. पाळणाघरात सांगताना मनात इंग्रजी वाक्य जुळवलं, त्यात 'वॉज' होतं, म्हणून अँपारफॅ लावून 'एल व्होमिसॅ' म्हणाले. ताईंचा चेहराच बदलला. किती वेळा, कधीपासून, अजून होताहेत का? मला धड उत्तर देता येईना, शेवटी लेकीला घेऊन घरी परत. संध्याकाळी शेजारीण म्हणाली, 'एल आ व्होमी' म्हणायचं होतं गं. इतक्याशा फरकाने दिवस गेला आणि लेकही हिरमुसली.

माझे दोन प्रश्न:
१. दोन भूतकाळांतला फरक बोलता बोलता कसा ओळखायचा?
२. पासे काँपोझेत साहाय्यक क्रियापद म्हणून 'आव्वार' (जवळ असणे) कुठे आणि 'एत्र' (असणे) कुठे? डॉक्टर मिसेस व्हॅन्डरट्रॅम्पची यादी (एत्र घेणाऱ्या क्रियापदांच्या आद्याक्षरांची) पाठ आहे, पण तोंडातून शब्द निघेपर्यंत समोरचा निघून जातो.

शेवंती:
ताई, मधलं इंग्रजी काढून टाका, एवढं एकच मनापासून सांगते. इंग्रजीचा साधा भूतकाळ 'गेलो' आणि 'जायचो' दोन्हीकडे चालतो. मराठीत ते वेगळेच आहेत. 'उलटी झाली' म्हणजे पासे काँपोझे, 'उलट्या होत होत्या' किंवा 'व्हायच्या' म्हणजे अँपारफॅ. पाळणाघरातल्या ताईंनी दुसरं ऐकलं, त्या घाबरणारच. 'पाऊस पडत होता, तेवढ्यात फोन वाजला' या वाक्यात दोन्ही काळ आहेत, फ्रेंचमध्येही नेमके तिथेच.

आता एत्र. मराठीत कर्त्याला 'ने' लागला की डोळे मिटून आव्वार ('मी', 'तू'ला 'ने' दिसत नाही, तिथे 'ती' घालून बघा). तिने चिठ्ठी लिहिली: 'एल आ एक्री ला लेत्र'. ती गेली, आली, पडली, राहिली यांत 'ने' नाही, तिथे एत्र. 'सोर्तीर' बघा. मी बाहेर पडले: 'ज स्वी सोर्ती'. मी कचरा बाहेर काढला: 'जे सोर्ती ला पूबेल'. आपण पडणे आणि काढणे अशी दोन क्रियापदं वापरतो, ते एकावरच भागवतात.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: आपण 'चिठ्ठी लिहिली' म्हणतो, 'पेपर लिहिला' म्हणतो, क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं की तेच होतं. 'ज ले एक्रित', म्हणजे मी ती लिहिली. तो शेवटचा 'त' चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून ऐकू येतो. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात, आपण हे बोलायला लागल्यापासून करतोय.

घाटमाथा:
शेवंतीताईंशी सहमत, पण तीन खड्डे दाखवतो. ती हसली, झोपली, धावली यांतही 'ने' नाही, तरी फ्रेंचमध्ये तिथे आव्वारच. म्हणजे 'ने' नसला की यादी आठवावीच लागते. उलट 'तिने हात धुतले' यात 'ने' आहे, पण स्वतःचे हात म्हणून 'एल से लाव्हे ले मँ', तिथे एत्र. तिसरा खड्डा मोठा. 'मी तीन दिवस आजारी होते' यात 'होते' ऐकून अँपारफॅ लावाल, पण मुदत सांगून संपवली की पासे काँपोझे: 'जे एते मालाद पाँदाँ त्र्वा झूर'. परीक्षेत मी इथेच चुकलो होतो.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार! आत्ता स्वयंपाक करता करता लेकीला मोठ्याने म्हणून दाखवलं. कृपया तपासा:
लहानपणी आम्ही आजोळी जायचो: 'ऑन आलॅ'.
काल आम्ही बाजारात गेलो: 'ऑन ए आले'.
मी बॅग वर चढवली: 'जे माँते ला व्हालीझ'.
जिन्यावर मात्र अडले. 'मी जिना चढले' यात 'ने' नाही, पण जिना तर कर्म आहे. मग आव्वार ना?

घाटमाथा:
हो, आव्वारच. 'जे माँते लेस्काल्ये'. तिन्ही वाक्यंही बरोबर.