रविवारी सोलापूरहून एका दिवसात कुठं जाऊन यावं? (रांगेचं देवदर्शन सोडून)

नमस्कार मंडळी. पुढच्या शुक्रवारी पुण्याहून नणंदबाई येतायत, सोबत नंदावे आणि दोन पोरं. मुलगी अकराची, धाकटा आठचा. आमच्याकडं पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला: एक दिवस अक्कलकोट, अन्नछत्रात जेवण, दुसऱ्या दिवशी तुळजापूर. उत्साह उरलाच तर पंढरपूर. श्रद्धा आहे, तक्रार नाही. पण लग्नाला चौदा वर्षं झाली, ह्या तीन ठिकाणच्या रांगेत मी जितकी उभी राहिले तितकी रेशनच्या दुकानातसुद्धा नसेन. ह्यावेळी धाकट्यानं फोनवरच विचारलं, "मामी, परत लाईनमध्येच का?"

अडचण अशी की आमच्या आईंचे (सासूबाईंचे) दोन्ही गुडघे गेलेत. सपाटीला चालतात, जिना म्हटलं की नको. आणि घरी एकट्या थांबायला अजिबात तयार नाहीत.

नळदुर्गचा किल्ला झालाय. दोन वर्षांमागं सप्टेंबरात गेलो होतो, बोरी धरण भरून वाहत होतं. पाणीमहालात उभं राहिलं की समोर पाण्याचा पडदाच कोसळत असतो, शेजारच्यानं बोललेलं ऐकू येत नाही, अंगावर तुषार. धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल बांधायची कल्पना 1613 सालची, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातली. आम्ही खाली 'नर-मादी' धबधबे बघत होतो आणि आई वरच शेंगा सोलत बसल्या होत्या. आता डिसेंबरात तर ते पाणीही नसणार.

विजापूरचा विचार केला. पण गोलघुमटाची सगळी मजा वरच्या सज्ज्यात, आणि तिथं चढायला सात मजले.

तर मला हवंय काय: दीड तासाच्या आत पोचता येईल, पोरांना बघायला काहीतरी, आणि एखाद्या झाडाखाली चटई टाकून भाकरी खाता येईल. हत्तरसंग कुडल, म्हणजे सीना-भीमेच्या संगमावरची जुनी देवळं, कुणी अलीकडं बघितलंय का? गाडी कुठपर्यंत जाते?

बाळीवेसकर
हिप्परगा तलाव. तुळजापूर रोडला, घरातून अर्धा तास. सकाळी सातला दुर्बीण घेऊन जावा, थंडीत पाहुणे पक्षी असतात. नऊला परत, नाष्टा घरी.

मामी
अहो, मला दिवस घालवायचाय, दोन तास नव्हे. पण शनिवारी सकाळसाठी ठेवते हे.

माळरान
नान्नजचं माळढोक अभयारण्य सुचवणार होतो, पण माळढोक दिसेल ह्या आशेवर पोरांना नेऊ नका, रुसून बसतील. काळवीट मात्र बरेचदा दिसतात. महिनाभर थांबणार असाल तर हुरडा. शेतात आगटी, गरम कणसं हातावर चोळून काढलेला हुरडा, सोबत शेंगाचटणी आणि दही. ह्याला तोड नाही, पण आत्ता दाणे भरलेले नसतील.

भीमाकाठचा
ताई, कुडलच करा. मी मंद्रूपकडचाच. विजापूर रोडनं मंद्रूप, तिथून पुढं. सगळं मिळून चाळीसेक किलोमीटर. गाडी देवळाजवळ जाते, आईंना फार चालावं लागणार नाही. फक्त खाली पाण्यापर्यंत त्यांना उतरवू नका.

सीना आणि भीमा इथं एकत्र येतात. आपल्या नळाला टाकळीहून येणारं पाणी भीमेचंच, हे पोरांना सांगा, नदीकडं जरा वेगळं बघतील. हरिहरेश्वराच्या देवळात एक शिवलिंग आहे, त्यावर 359 मुखं कोरलीत. मोजायला लावा. आमचा पुतण्या साठपर्यंत मोजून गडबडला, परत पहिल्यापासून, परत गडबडला. अर्धा तास तिथंच गेला, आम्ही मोठी माणसं निवांत.

आणि संगमेश्वराच्या देवळात वर तुळईवर शिलालेख आहे, तो चुकवू नका. शके 940, म्हणजे 1018 सालचा. सोलापूरचेच अभ्यासक आनंद कुंभार यांनी ह्या भागातले लेख शोधण्यात आयुष्य घातलं. शेवटची ओळ मराठीत: 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचील तो विजयी होईल. लोक देवाला हात जोडतात आणि वर न बघताच बाहेर पडतात. मोबाईलचा टॉर्च सरळ मारू नका, बाजूनं तिरपा मारा, अक्षरं उठून दिसतात.

हॉटेलवर विसंबू नका, जेवण घरचं घ्या. बायकांची सोय मंद्रूपलाच उरकून घेतलेली बरी. श्रावण सोमवारी आणि महाशिवरात्रीला गर्दी असते, एरवीच्या रविवारी शांत.

ब्रह्मपुरीकर
कुडल चांगलंच आहे, पण माचणूर का कुणी सांगत नाही? मंगळवेढा रोडला, बेगमपूरचा पूल ओलांडला की लगेच. भीमेकाठी सिद्धेश्वराचं देऊळ, मोठा घाट. औरंगजेबाची छावणी 1695 पासून काही वर्षं इथंच होती, किल्ल्याची पडकी भिंत अजून आहे. घाट उतरायला पायऱ्या आहेत तेवढ्या.

मामी
पायऱ्या म्हटल्यावर माचणूर पुढच्या वेळी. कुडल पक्कं. रविवारी सातला निघतो, संध्याकाळच्या आत परत. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि मेथीची भाजी, एवढं न्यायचं ठरलंय. धाकट्याला 359 सांगितलंय, तो आत्ताच म्हणतो 360 निघाले तर काय देणार.

आईंना सांगितलं तर पहिला प्रश्न, "तिथं देऊळ आहे ना?" मी म्हटलं, एक नाही, दोन आहेत.