मदत हवी आहे: पाळलेल्या ॲक्सोलॉटलचे कल्ले झडत आहेत

राजारामपुरीकर: नमस्कार. माझ्याकडे तीन महिन्यांपासून एक ॲक्सोलॉटल (पाण्यात राहणारा, सरड्यासारखा दिसणारा सॅलॅमँडर जातीचा उभयचर) आहे. आठवड्याभरात त्याच्या डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले निम्मे आखूड झाले, चार दिवस त्याने काहीही खाल्लेले नाही आणि रात्रभर ते फिल्टरवर चढून नाक पाण्याबाहेर काढून बसते. दुकानदार फोनवर "औषध टाका" एवढेच म्हणतो, कोणते ते सांगत नाही. हा आजार आहे की कायापालट (कल्ले जाऊन जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यात होणारे रूपांतर), हे कृपया आजच सांगावे, कारण परवा मला दोन दिवस बाहेरगावी जायचे आहे.

पाणवठा: पाण्याचे तापमान किती आहे? अमोनिया (विष्ठेतून पाण्यात साचणारा विषारी घटक) तपासला का? नळाचे पाणी थेट ओतता की क्लोरीननाशक घालून? हे कळल्याशिवाय कोणीही सांगितलेले उत्तर केवळ अंदाज ठरेल.

हिरवी_टाकी: कायापालट वगैरे काही नसावे. मेक्सिको सिटीजवळच्या शोचिमिल्कोच्या पाण्यातला हा प्राणी डिंभावस्थेतच (कल्ले असलेल्या बाल्यावस्थेतच) वयात येतो, अंडीही त्याच अवस्थेत घालतो आणि सहसा जन्मभर पाण्यातच राहतो. त्याला १६ ते १८ अंशांचे पाणी मानवते. माझ्याकडच्याचे कल्ले गेल्या उन्हाळ्यात असेच झडले होते. टाकीवर पंखा लावून रोज थोडे पाणी बदलल्यावर ते पुन्हा वाढले.

तांबडी_माती: माझे मत वेगळे आहे. पॅरिसमध्ये १८६५ साली प्राणिशास्त्रज्ञ ओगुस्त द्युमेरिल यांच्याकडच्या टाकीतली काही पिल्ले कल्ले टाकून जमिनीवर आली होती आणि १९२० साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी बैलाची थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून ॲक्सोलॉटलचा कायापालट घडवून आणला होता. तेव्हा अर्धवट थांबलेल्याला आयोडीनचे दोन थेंब देऊन मोकळे करावे.

जीवशास्त्र_शिक्षिका: कृपया असे काही करू नका. ते प्रयोग देखरेखीखाली झाले होते. घरी थेंब मोजून प्रमाण साधत नाही, आणि उभयचरांची त्वचा पाण्यातले बरेच काही शोषून घेते, त्यामुळे त्यात जीव जाऊ शकतो. राजारामपुरीकर, आपण डोळे आणि शेपटी यांविषयी काहीच लिहिलेले नाही. डोळे फुगीर होऊन पापण्या दिसू लागल्या आहेत का? पाठीवरून शेपटीपर्यंत जाणारा पातळ पडदा उरला आहे का?

देवराई: ॲक्सोलॉटल साइट्स करारातल्या (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) यादीत असल्याने त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती केली आहे का? शिवाय आपल्या सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीतच. आंबोलीकडे पावसाळ्यात दिसते ते देवगांडूळ (पाय नसलेला उभयचर), आणि लोक त्याला साप समजून मारतात.

पाणवठा: माहिती मोलाची आहे, पण त्यांचा प्राणी आज उपाशी आहे.

राजारामपुरीकर: पाणी २९ अंश आहे. दुपारी वीज गेली की पंखाही बंद पडतो. अमोनिया तपासण्याचे साहित्य माझ्याकडे नाही. डोळे खरोखरच वर आले आहेत, पाठीचा पडदा जवळजवळ गेला आहे आणि काल कातडीचा पातळ पापुद्रा पाण्यात तरंगत होता. ही सगळी आजाराची लक्षणे असावीत असे वाटल्याने लिहिले नव्हते.

जीवशास्त्र_शिक्षिका: मग हा कायापालटच आहे. मला वाटते, दुकानातून आपल्याला टायगर सॅलॅमँडरचा डिंभ ॲक्सोलॉटल म्हणून मिळाला असावा. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात, मात्र टायगर सॅलॅमँडर सहसा मोठेपणी जमिनीवर येतो. कल्ले संपल्यावर त्याला हवेतच श्वास घ्यावा लागतो आणि टेकायला जागा नसली तर तो बुडून मरतो, म्हणून आजच पाणी बोटभर उंचीचे करून एका बाजूला फरशीचा उतरता तुकडा ठेवा.

हिरवी_टाकी: २९ अंशांत कल्ले झडणारच, त्याला कायापालट का म्हणायचे? आणि एवढ्या कमी पाण्यात अमोनिया लवकर साचेल.

जीवशास्त्र_शिक्षिका: उष्णतेने कल्ले झडतात, पापण्या येत नाहीत. अमोनियाचे आपले म्हणणे मात्र योग्य आहे, म्हणून क्लोरीन काढलेले पाणी रोज बदलावे. बर्फ थेट टाकू नये. पंख्याच्या वाऱ्याने पाणी सावकाश थंड होऊ द्यावे. टाकीवर घट्ट जाळी बसवा, कारण आता तो काचेवरून चढून निसटू शकतो. आणि शक्य असल्यास परवाचे जाणे पुढे ढकला.

राजारामपुरीकर: नऊ दिवसांनी लिहितो आहे. मी गेलो नाही. तो आता पूर्ण वेळ फरशीवर असतो, कल्ल्यांच्या जागी नुसते उंचवटे उरले आहेत. परंतु अजून खात नाही. शेजारच्या गावातल्या उसाच्या फडातून गांडुळे आणून ठेवली आहेत, ती द्यावीत का?

पाणवठा: ती मुळीच देऊ नका. उसात तणनाशक मारलेले असते. फवारणी न झालेल्या परसबागेतले एखादे गांडूळ चिमट्याने त्याच्या नाकासमोर हळू हलवा. नाही घेतले तर काढून टाका आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा. कायापालटात आठवडा-दोन आठवडे उपास घडतो. खाली ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घाला, पण पिळल्यावर पाणी गळेल इतके ओले नको. बारीक खडी घालू नका, ती घासाबरोबर पोटात जाते.

राजारामपुरीकर: आज सकाळी त्याने अर्धे गांडूळ खाल्ले. शिक्षिकाताई, पाणवठा, आपले मनापासून आभार. कोकोपीट दुपारी आणतो.